मोझरीचा थांबा

अमरावती शहर मागे पडून नांदगाव पेठचा टोलनाका ओलांडला, की नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग कपाशी, तूर आणि संत्र्यांच्या बागा यांच्यामधून वाट काढीत पुढे सरकतो आणि अमरावतीपासून सुमारे ३५ किलोमीटरांवर, तिवसा तालुक्यात, गुरुकुंज मोझरी हे ठिकाण लागते. १९३५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी येथे आश्रम स्थापन केला. त्या आश्रमाच्या समोरच आज त्यांची महासमाधी आहे. आणि दिवाळी सरून थंडी पडू लागली, की रविवारी व सुट्टीच्या दिवशी या परिसरात गाड्यांची रांग लागते. काचेवर ‘प्रासंगिक करार’ अशी पाटी लावलेली एस.टी., दर्शनी जाळीला एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाचा कापडी फलक बांधलेली खासगी ट्रॅव्हल्स, टेम्पो ट्रॅव्हलर, शाळांच्या सहलींच्या गाड्या, आणि चारचार कुटुंबे दाटीवाटीने बसलेली क्रूझर, अशी सर्व प्रकारची वाहने तेथे एकाच वेळी उभी दिसतात. प्रस्तुत लेख त्या गाड्यांविषयी, आणि त्यांहूनही अधिक, त्यांतून उतरणाऱ्या माणसांविषयी आहे.

ही माणसे कोण असतात? अकोल्याच्या एखाद्या नगरातील सकाळी फिरावयास जाणाऱ्या निवृत्तांचा गट, मूर्तिजापूरच्या शिक्षकांची पतसंस्था, दर्यापूर तालुक्यातील एखाद्या गावचे महिला भजनी मंडळ, परतवाड्याची भिशी, बडनेऱ्यातील निवृत्त रेल्वे कामगारांचा मेळा, असे त्यांचे नाना प्रकार. कोणाची घटना लिहिलेली असते, मासिक वर्गणी ठरलेली असते, अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष असा रीतसर थाट असतो. कोणाचे सारे दप्तर म्हणजे एकाच उत्साही इसमाच्या खिशातली छोटी वही. पण वर्षातून दोन-तीनदा एक गाडी ठरवावयाची, पहाटे निघावयाचे, दोन किंवा तीन ठिकाणे पाहावयाची आणि रात्री आपापल्या घरी परत यावयाचे, हा शिरस्ता सर्वांचा सारखाच. विलायतेच्या प्रवासाची वर्णने मराठीत विपुल आहेत, हिमालयाच्या यात्रांवर ग्रंथ आहेत. पण वऱ्हाडातील सामान्य माणूस ज्या एका दिवसाच्या सहलीची महिनाभर आधी वाट पाहतो आणि महिनाभर नंतर जिच्या गोष्टी सांगतो, तिच्याविषयी कोणी चार ओळी लिहिलेल्या सहसा आढळत नाहीत. ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते, कारण सामुदायिक जीवनाचे जे शिक्षण तुकडोजी महाराजांनी आयुष्यभर खंजिरीच्या तालावर दिले, त्याचा एक धडा या गाड्यांमध्ये बिनबोभाट गिरवला जात असतो.

समूहाने प्रवास करण्याची वहिवाट या प्रदेशाला नवी नाही. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्राची सिद्धता केली, आणि चक्रधरस्वामी जेथे जेथे वसले, जेवले, निजले, त्या प्रत्येक स्थळाचा तपशील अनुयायांना सापडावा म्हणून चौदाव्या शतकात स्थानपोथी तयार झाली. कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेच्या ओवरीत स्वामींचे आसन होते, हे त्या पोथीत इतक्या नेमकेपणाने नोंदलेले आहे, की पिढ्यान्‌पिढ्या महानुभावांचे जथे तिच्या आधाराने स्थान-नमस्कारासाठी फिरत राहिले. पोथी हाती घेऊन समूहाने स्थळे पाहत जाण्याची ही रीत मराठी भाषेच्या अगदी आरंभकाळाइतकी जुनी आहे, हे आपण विसरता कामा नये. पुढे बहिरमच्या यात्रेला बंड्या आणि छकडे जुंपून गावेच्या गावे जाऊ लागली. विदर्भाची प्राचीन राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर मानल्या गेलेल्या कौंडण्यपुराहून पंढरपूरला पायी पालखी निघू लागली, आणि ती १५९४ पासून चालत आल्याचे परंपरा सांगते. १८६७ साली भुसावळकडून आलेला लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला आणि अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या स्थानकांवरून दूरच्या तीर्थांकडे जाण्याची सोय झाली. मूर्तिजापुरातून यवतमाळ आणि अचलपूर या दोन दिशांना जाणाऱ्या ‘शकुंतला’ने तर खेड्यापाड्यांतील माणसाला आगगाडीत बसविले. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत वऱ्हाड मुंबई राज्यात आले, येथील सरकारी मोटारसेवा एस.टी.त सामील झाली, आणि त्यानंतर मात्र पूर्ण गाडी एका दिवसासाठी मागून घेण्याची दरखास्त आगारव्यवस्थापकाच्या टेबलावर पडू लागली. किलोमीटरच्या हिशेबाने भाडे, अनामत रक्कम आधी भरणे, परतीची वेळ मुक्रर करणे, हा सारा व्यवहार ‘प्रासंगिक करार’ या नावाखाली अद्यापि चालू आहे.

याच भूमीत यात्रेकरूंची चिंता वाहणारा एक थोर पुरुष होऊन गेला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी स्वतःसाठी खापराशिवाय काही बाळगले नाही. पण पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभारल्या, त्या त्यांनी प्रवासात गरिबाच्या वाट्याला येणारी हालअपेष्टा पायी हिंडून, तिच्यात राहून जाणली होती म्हणून. देवळाच्या गाभाऱ्याकडे ते फिरकत नसत, यात्रेतील घाण मात्र हाताने झाडीत असत. तुकडोजी महाराजांचा आणि त्यांचा स्नेह सर्वश्रुत आहे. महाराजांनी ग्रामगीतेत ‘यात्रा-मेळे’ असा एक स्वतंत्र अध्यायच लिहिला. ग्रामरक्षण, ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती, महिलोन्नती अशा विषयांच्या मालिकेत त्यांनी यात्रेला स्थान दिले, यातच त्यांची दृष्टी व्यक्त होते: माणसे जमतात, तर त्या जमण्यातून गावाच्या उपयोगाचे काही घडले पाहिजे. त्यांचे स्वतःचे आयुष्य म्हणजे एक अखंड भ्रमण होते. यावलीत १९०९ साली जन्मलेला माणिक नावाचा मुलगा वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या चरणी बसून तुकड्यादास झाला, रामटेक-सालबर्डीच्या रानांत हिंडला, १९३६ साली महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून सेवाग्रामी राहिला, १९४२ साली पकडला जाऊन नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत गेला, १९५५ साली विश्वधर्मपरिषदेसाठी जपानला जाऊन आला, आणि चीन व पाकिस्तानशी झालेल्या युद्धांच्या काळात सीमेवरील जवानांपुढे खंजिरी वाजवून गायला. अशा पुरुषाच्या दारी लोक गाडी करून, समूहाने येतात, याहून उचित दुसरे काय असू शकेल?

येथे एक योगायोग नमूद करण्याचा मोह आवरत नाही. आधुनिक सामुदायिक सहलीचा जनक म्हणून जगभर ज्याचे नाव घेतले जाते, तो टॉमस कुक हा मूळचा सुतारकाम करणारा आणि दारूबंदीचा कळकळीचा प्रचारक होता. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टर या गावाहून लफबरो येथे भरलेल्या दारूबंदीच्या सभेस सुमारे पाचशे माणसे एका खास आगगाडीने नेली आणि माणशी एक शिलिंग घेतला. नफा हा त्या पहिल्या फेरीचा हेतू नव्हता. मजूरवर्गाला सुट्टीच्या दिवशी गुत्त्याऐवजी दुसरीकडे कोठे तरी जाता यावे, ही तळमळ तिच्यामागे होती. पुढे त्या तळमळीची एक बलाढ्य पेढी झाली, हा निराळा इतिहास आहे. पण व्यसनमुक्तीच्या भजनांनी ज्यांनी वऱ्हाडातील कित्येक संसार सावरले, त्या तुकडोजी महाराजांच्या आश्रमापुढे एखाद्या गावच्या मंडळाची गाडी उभी राहते, तेव्हा सहलीची ही मूळ प्रेरणा स्वदेशी रूपाने पुन्हा प्रकट होते, असे मला खरोखर वाटते.

अकोल्याच्या अशाच एका ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाबरोबर मी मोझरीला गेलो. मंडळाचे आणि त्यातील माणसांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण त्यांच्यासारखी मंडळे गावोगाव आहेत. पहाटेच्या काळोखात ठरलेल्या चौकात गाडी उभी होती. व्यवस्था पाहणारे गृहस्थ एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना सारेजण ‘काकाजी’ म्हणत. त्यांच्या हातात लाल कापडी बांधणीची लांबट वही होती, आणि त्या वहीचे मी बारकाईने निरीक्षण केले. पहिल्या रकान्यात आसनक्रमांक, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात वय, चौथ्यात वर्गणी जमा झाल्याची खूण, पाचव्यात घरच्या माणसाचा दूरध्वनी, आणि सहाव्यात, लाल शाईने, ‘साखर’, ‘बी.पी.’, ‘गुडघा’, ‘उलटी’ असे एकेक शब्द. गुडघ्याची तक्रार असणाऱ्यांना दाराजवळची जागा, उलटीचा त्रास असणाऱ्यांना पुढे खिडकीशी, साखरेच्या रोग्यांना न्याहारीस विलंब होऊ द्यावयाचा नाही, अशी सारी योजना त्या एका रकान्यावरून झाली होती. पुढच्या आसनांवर कोणी बसावे यावरून सहलींमध्ये जे मनोमालिन्य येते, त्याचा निकाल त्यांनी फार शहाणपणाने लावला होता: मोझरीपर्यंत एक क्रम, परतताना बरोबर उलटा. त्यावर कोणाची तक्रार ऐकू आली नाही.

“मोजणी झाल्याबिगर गाडी हालनार नाही जी,” काकाजींनी बजावले. दोन्ही बाजूंनी बोटे मोडीत ते मागपर्यंत गेले आणि परत आले. एक माणूस कमी भरला. “कोन राह्यलं?” अशी विचारणा सुरू झाली, तोच एक वृद्ध बाई हातात भलामोठा डबा सावरीत धावत आल्या. “काहून उशीर केला, माय?” “अजी, पुऱ्या तळून राह्यली होती ना! साऱ्याइले पुरल्या पाह्यजेत का नाही?” एवढ्यावर तो विषय संपला. तिखटमिठाच्या पुऱ्या, कच्चा चिवडा, मिरचीचा ठेचा आणि दह्याचा डबा, असा शिधा घरोघरून आला होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी बाजूस घेऊन तो सर्वांत सारखा वाटला गेला. ज्याच्या घरून काही आले नव्हते त्याला ते जाणवू नये, याची दक्षता वाटप करणाऱ्या स्त्रियांनी घेतली, हे मी पाहिले.

अकोला-अमरावती हा रस्ता अनेक वर्षे रखडलेला होता. त्यावरून वयस्कर माणसांनी जाणे म्हणजे कंबरेची परीक्षा असे. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटरांचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम करण्यात आला. विक्रमाचे कौतुक वृत्तपत्रांनी केले. पण या मंडळाच्या दृष्टीने त्याचे मोल निराळे होते. सचिव म्हणाले, की पूर्वी मोझरीची सहल काढली तर निम्मे सभासद रस्त्याच्या धास्तीने नाव देत नसत, आणि जे येत तेही दुसऱ्या दिवशी अंथरूण धरीत. रस्ता सुधारला आणि सहलीचा परीघ वाढला. आता शेगाव, कारंजा, रिद्धपूर, चिखलदरा, सेवाग्राम-पवनार ही सारी ठिकाणे एका दिवसाच्या कक्षेत आली आहेत. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचे तेरा दरवाजे श्रावण-भाद्रपदात उघडतात तेव्हा तेथे गाड्यांची झुंबड उडते. चिखलदऱ्याच्या घाटात पावसाळी रविवारी वाहने तासन्‌तास खोळंबतात. मुक्तागिरीची जैन मंदिरे परतवाड्याहून हाकेच्या अंतरावर, पण मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात; तेथे जावयाचे तर भाड्याच्या गाडीचा परराज्याचा परवाना आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे लागते. न विचारता निघालेल्या मंडळींना सीमेवरून परतावे लागल्याच्या कथा सर्वत्र ऐकू येतात.

गाडी कोणती करावी, हा प्रत्येक मंडळाच्या सभेतील सर्वांत प्रदीर्घ वाद. एस.टी.चा पक्ष घेणारे म्हणतात, चालक अनुभवी, पावती पक्की, आणि वाटेत गाडी बिघडली तर जवळच्या आगारातून दुसरी मिळण्याची आशा. खासगी गाडीचे पक्षपाती म्हणतात, आसने मऊ, आणि सांगू तेथे थांबणार. भाडे ठरविताना टोल, चालकाचा भत्ता, वाहनतळाचे शुल्क हे त्यात धरले आहेत की वेगळे, याचा लेखी तपशील न घेतल्यामुळे रात्री घरी परतल्यावर चौकात उभे राहून हुज्जत घालण्याची पाळी मंडळांवर येते. म्हणून जाणते व्यवस्थापक सारे कागदावर उतरवून घेतात. आणखी एका गोष्टीचा बंदोबस्त त्यांनी आवर्जून करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पहाटे चारपासून जागा असलेला चालक रात्री बारापर्यंत गाडी हाकतो. मंडळी दर्शन घेत असताना, जेवत असताना, त्याला मात्र गाडीपाशी राहावे लागते. त्याला दुपारी दोन तास आडवे होण्यास सावलीची जागा मिळाली, तर रात्रीच्या महामार्गावर पन्नास माणसांचे प्राण अधिक सुरक्षित राहतील. काकाजींनी चालकाला पहिल्या पंगतीत बसविले आणि मग गाडीचे पडदे ओढून त्याला झोपू दिले. वहीच्या कोणत्याही रकान्यात न मावणारी ही व्यवस्था मला सर्वांत मोलाची वाटली.

स्त्रियांविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या सर्व गाड्यांत स्त्रियांना निम्मे भाडे झाले. त्याच्या काही महिने आधी, २६ ऑगस्ट २०२२ पासून, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य झाला होता. या सवलती नेहमीच्या फेऱ्यांपुरत्या असल्याने पुष्कळ महिला मंडळांनी पूर्ण गाडी करण्याऐवजी नेहमीच्याच गाडीने गटाने जाण्याचा मार्ग पत्करला आहे. मंगळवारी किंवा गुरुवारी, घरची कामे उरकून, दहा-पंधरा जणी अमरावतीच्या आगारात जमतात, नागपूरकडील गाडीत बसतात आणि मोझरीला उतरतात. ना फलक, ना अध्यक्ष, ना वही. माहेर आणि दवाखाना यांपलीकडे ज्यांचा प्रवास कधी गेला नव्हता, अशा स्त्रिया वयाच्या साठाव्या वर्षी स्वतःचे तिकीट स्वतः काढून, स्वतः ठरविलेल्या ठिकाणी उतरत आहेत. आश्रमाच्या परिसरात अशाच एका गटातील बाई मला म्हणाल्या, “मालक होते तवा ते नेतील तवा जायचं. आता आमी आमच्याच मनानं येतो जी. जय गुरू!” ग्रामगीतेत ‘महिलोन्नती’ अध्याय लिहिणाऱ्या महाराजांना हे शब्द ऐकून किती संतोष झाला असता!

एवढे सारे गुणगान केल्यानंतर ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे वळतो. आमच्या सहलीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत पाच ठिकाणे होती: अंबादेवी व एकवीरा, मोझरी, कौंडण्यपूर, वरखेड, आणि परतताना अमरावतीत गाडगेबाबांची समाधी. मोझरीला मिळाली चाळीस मिनिटे. त्यांतील दहा पादत्राणे काढण्या-घालण्यात, दहा चहात, दहा सामुदायिक छायाचित्रात गेली. समाधीपुढे हात जोडून माणसे गाडीकडे वळली. गुरुकुंज हे केवळ दर्शनाचे ठिकाण नाही. येथे पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना असते. जात, पंथ, श्रीमंती, गरिबी यांचे भेद बाजूस ठेवून सर्वांनी एका रांगेत बसून एका स्वरात प्रार्थना करावी, हा महाराजांच्या शिकवणुकीचा गाभा आहे, आणि गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांनी तो शिरस्ता आजही जपला आहे. आश्रमाला दुपारी चाळीस मिनिटे देणे म्हणजे कीर्तनाला जाऊन बुवा उभे राहण्यापूर्वीच उठून येणे होय. अशा वेळी डोळ्यांना इमारती दिसतात. ज्यासाठी त्या इमारती उभ्या राहिल्या ते घडण्याआधीच गाडी सुटलेली असते.

या घाईचे कारण काय, याचा मी मंडळातील अनेकांशी बोलून शोध घेतला. पैसे भरले आहेत तर जास्तीत जास्त ठिकाणे झाली पाहिजेत, ही हिशेबी वृत्ती हे एक कारण. ते समजण्यासारखे आहे, कारण निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाच्या वर्गणीला किंमत असते. दुसरे कारण अधिक खोल आहे. शेजारच्या मंडळाने तीन ठिकाणे केली तर आपण पाच केली पाहिजेत, अशी एक अनिष्ट स्पर्धा या संस्थांत शिरली आहे, आणि कार्यक्रमपत्रिकेवरील ठिकाणांची संख्या ही व्यवस्थापकाच्या कर्तबगारीची सनद मानली जाऊ लागली आहे. परिणाम असा, की ज्यांच्या गुडघ्यांची नोंद वहीत लाल शाईने केली, त्याच गुडघ्यांना दिवसभरात पाच वेळा गाडीच्या पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात. वरखेडला पोहोचेपर्यंत आमच्यापैकी निम्मी मंडळी गाडीतच बसून राहिली होती. आडकोजी महाराजांच्या समाधीवर त्यांची श्रद्धा नव्हती असे नव्हे. अंगात त्राण उरले नव्हते.

याच्या उलट दृश्य पाहावयाचे असेल, तर आश्विन वद्य पंचमीला मोझरीला जावे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे महानिर्वाण झाले. कोजागिरी आणि दिवाळी यांच्या मधल्या त्या तिथीला विदर्भातून, मध्य प्रदेशातून आणि त्याही पलीकडून गुरुदेवभक्त येतात. कित्येक भजनी मंडळे पायी पालख्या घेऊन येतात, कित्येक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कित्येक ठरविलेल्या गाड्यांतून. सप्ताहभर प्रार्थना, भजने, प्रवचने चालतात. आणि त्या दिवशी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराजांच्या निर्वाणाच्या घटिकेला, लाखांचा तो समुदाय उभा राहून मौन श्रद्धांजली अर्पण करतो. ज्या गाड्यांनी ही माणसे येतात त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर दुसरे ठिकाण नसते. दुसरे दिवशी गोपाळकाला घेऊन ती परततात. त्यांच्यात आणि आमच्यात फरक साधनसंपत्तीचा नाही. बहुतेक जण आमच्याहून गरीब असतात. ते एका ठिकाणी राहावयाचे ठरवून निघतात, एवढाच काय तो फरक.

पुण्यतिथीच्या गर्दीत वयोवृद्धांना नेणे प्रत्येक मंडळाला झेपणार नाही, हे मी जाणतो. तेथील धूळ, ऊन, दूरवर उभ्या कराव्या लागणाऱ्या गाड्या, प्रसाधनगृहापुढील रांगा, यांचा विचार व्यवस्थापकाला करावाच लागतो. म्हणून परतीच्या वाटेवर मी काकाजींपुढे एक योजना मांडली. त्यांनी तिच्यात दोन फेरफार सुचविले, आणि ते दोन्ही माझ्या मूळ कल्पनेहून सरस होते. मार्गशीर्षात सूर्य लवकर मावळतो, तेव्हा प्रार्थनेची वेळ सोयीची पडते. अकोल्याहून सहाला निघावे. मोझरी डावीकडे-उजवीकडे न पाहता ओलांडून आधी थेट कौंडण्यपूर गाठावे. १९६०च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षितांच्या उत्खननात ज्या टेकाडांतून प्राचीन वस्तीचे थर उजेडात आले, ती टेकाडे सकाळच्या उन्हात पाहावीत, विठ्ठल-रुक्मिणीचे दर्शन घ्यावे, आणि वर्धेच्या काठी जेवण करावे. हा काकाजींचा पहिला फेरफार. कारण जेवण आटोपल्यावर माणसांना आणि चालकाला दोघांनाही विसावा मिळतो. तेथून निघून अडीच-तीनपर्यंत मोझरीला यावे. ज्यांना चालवते त्यांनी दासटेकडीपर्यंत जाऊन यावे, बाकीच्यांनी आश्रमात बसावे. ग्रामगीतेचा एखादा अध्याय कोणी तरी मोठ्याने वाचावा. मंडळात निवृत्त शिक्षक भरपूर असतात, वाचणाऱ्याची वाण पडणार नाही. सायंकाळची सामुदायिक प्रार्थना पूर्ण करूनच उठावे.

दुसरा फेरफार जेवणाचा. परतताना अमरावतीत हॉटेलपुढे गाडी उभी केली, की एक तास जातो आणि वर्गणीही वाढते. त्याऐवजी रात्रीसाठी दशम्या आणि चटणी घरूनच आणावी, गाडीत वाटावी, आणि वाटेत केवळ चहासाठी थांबावे. प्रार्थनेनंतर सातला निघाले, तर मूर्तिजापूर मागे टाकून साडेदहाच्या आत अकोल्याचा चौक येतो, आणि रात्री एकट्याने घरी जावे लागणाऱ्यांना सोडावयास मुलेबाळे जागी असतात. अंबादेवी, वरखेड आणि गाडगेबाबांची समाधी यांच्यासाठी फाल्गुनात वेगळी सहल काढावी, असे ठरले.

मंडळाच्या त्यानंतरच्या मासिक सभेत हा ठराव मांडला गेला. पाचावरून दोन ठिकाणांवर आल्यास वर्गणी कमी होणार का, असा प्रश्न कोषाध्यक्षांना विचारण्यात आला. किलोमीटर जवळजवळ तेवढेच राहणार असल्यामुळे ती फारशी कमी होणार नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. तरीही ठराव मंजूर झाला. विरोधात गेलेल्या तिघांनी यावलीचा, म्हणजे महाराजांच्या जन्मगावाचा, समावेश असल्यास आपण पाठिंबा देऊ असे नोंदविले आहे, आणि ती सूचना पुढील सभेपुढे ठेवण्यात आली आहे.